क्रीडाप्रेमींसाठी ॲप : आखणी व प्रारंभ

मराठवाड्यास खेळाची परंपरा आहे. लातूर जिल्ह्याचे मल्ल हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९६९ साली लातूर येथेच ‘महाराष्ट्र केसरी’चा मान मिळविला आणि पुढच्याच वर्षी एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक पटकाविले. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनप्रसंगी भारताचा ध्वज धारण करणाऱ्या दोघा खेळाडूंत नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव होत्या. गोळाफेकीत त्यांनी पाचवा क्रमांक मिळविला. अशा यशाची वार्ता सर्वत्र पोहोचते. परंतु त्यांच्या मागून येणारी मुले तालुक्याच्या मैदानावर काय करीत आहेत, हे सामान्य क्रीडाप्रेमीस सहसा कळत नाही. भ्रमणध्वनीवरील ॲप ही उणीव भरून काढू शकते. त्यासाठी ते कसे घडते हे समजून घेणे अगत्याचे आहे.

मैदानावरील नोंद हाच पाया

ॲपचे दोन भाग असतात. एक, वाचकास दिसणारा पडदा; दुसरा, दूरच्या संगणकावरील माहितीचा साठा. मैदानावरील गुणलेखकाने केलेली नोंद या साठ्यात जाते व तेथून काही क्षणांत सर्वांच्या हाती पडते. अहमदाबादच्या ‘क्रिकहिरोज’ने गल्लीतील क्रिकेट सामन्यांचे गुणलेखन याच पद्धतीने सुलभ केले. मुंबईच्या ‘ड्रीम स्पोर्ट्स’ने २०१९ मध्ये ‘फॅनकोड’ हे थेट प्रक्षेपण व धावफलक देणारे ॲप सुरू केले. पडदा कितीही आकर्षक असला, तरी मैदानावर नोंद करणारा माणूस नसेल तर तो रिकामाच राहतो.

खेळाच्या नियमांप्रमाणे मांडणी

क्रिकेटचा धावफलक चेंडूगणिक पुढे सरकतो. कुस्तीस तो साचा लागू पडत नाही. मॅटवरील प्रौढ गटाची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. फ्रीस्टाइल प्रकारात प्रतिस्पर्ध्यास खाली घेतल्यास दोन गुण मिळतात व दहा गुणांची आघाडी होताच लढत संपते. गावच्या फडात मात्र चितपट हाच खरा निकाल. तो न लागल्यास कुस्ती बरोबरीत सोडविली जाते. तेव्हा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतील कुस्त्यांसाठी ॲप करणाऱ्याने प्रथम वस्तादांना विचारावे व मग आराखडा काढावा. दिव्यांगांच्या स्पर्धेत खेळाडूचा वर्ग नोंदविल्यावाचून निकालास अर्थ नाही. भाग्यश्री जाधव यांचा ‘एफ-३४’ हा बसून फेकणाऱ्या खेळाडूंचा वर्ग आहे.

भाषा मराठी असावी व अक्षर ठळक असावे. नेटवर्क नसताना केलेली नोंद फोनमध्येच साठवून संपर्क येताच पुढे धाडण्याची सोय हवी. चित्रफितींपेक्षा निकालास अग्रक्रम दिल्यास स्वस्त फोनवरही ॲप चालते.

चाचणी व प्रारंभ

प्रारंभ लहान असावा. एका तालुक्याच्या शालेय स्पर्धा, एक वा दोन खेळ आणि प्रशिक्षित गुणलेखक एवढे प्रथम पुरे. ‘गुगल प्ले’वर ॲप ठेवण्यासाठी एकदाच २५ डॉलर नोंदणी शुल्क भरावे लागते, ‘ॲपल’चे शुल्क वर्षाला ९९ डॉलर आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यास गुगलच्या नियमानुसार किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. या चाचणीत गावातील शिक्षक व खेळाडूच असावेत. चुका त्यांनाच प्रथम दिसतात.

दोन मर्यादा

क्रीडाप्रेमाचा ओघ पैजेकडे वळू नये, ही पहिली मर्यादा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा संमत करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. ‘ड्रीम११’नेही त्यानंतर आपल्या पैशांच्या स्पर्धा थांबविल्या. दुसरी मर्यादा मुलांच्या माहितीची. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. म्हणून शालेय खेळाडूचे नाव व छायाचित्र देण्यापूर्वी संमती घ्यावी. पत्ता व दूरध्वनी क्रमांक प्रसिद्ध करूच नये.

गावाचा वाटा

संगणकाची आज्ञावली शहरात लिहिता येईल. नोंद मात्र गावातच करावी लागेल. शाळेने दोन विद्यार्थ्यांस गुणलेखन शिकवावे, क्रीडाशिक्षकाने निकाल तपासावा, ग्रामपंचायतीने यात्रेतील कुस्त्यांची यादी जपावी. ही कामे ॲप तयार होण्यापूर्वीच, साध्या वहीतही सुरू करता येतील. आज तालुक्याच्या मैदानावर जिंकणाऱ्या मुलीची कामगिरी तारखेनिशी नोंदली गेली, तर उद्या निवड समितीपुढे तिला केवळ शब्दांवर विसंबून राहावे लागणार नाही.