आमचं रक्त गेलं कुठे? – आरोग्याचं संशोधन आणि आपला हक्क



गेल्या पावसाळ्यात आपल्या सालवड भागातल्या एका पाड्यावरच्या बैठकीत एका ताईंनी मला प्रश्न विचारला. "ताई, त्या दिवशी आमच्या बोटातून रक्त घेतलं, कागदावर अंगठे घेतले. ते रक्त गेलं कुठे? माझ्या अंगात रक्त कमी आहे की बरोबर आहे, ते कोण सांगणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि चूक माझीच होती, म्हणून आधी तीच सांगते.

महिनाभर आधी बाहेरून काही लोक आले होते. "बायकांच्या आरोग्यावर अभ्यास करतोय, तीस बायका जमवून द्या," म्हणाले. मी सीआरपी ताईंना फोन केला आणि मासिक बैठकीच्या दिवशीच त्यांना बोलावलं, म्हणजे वेगळा खाडा नको. बचत गोळा झाली, कर्जाचे अर्ज भरले आणि त्याच सतरंजीवर रक्त घ्यायला सुरुवात झाली. कागदावर काय लिहिलंय ते कोणी वाचून दाखवलं नाही, आणि मीही विचारलं नाही. नंतर मी चार-पाच वेळा फोन केला. "रिपोर्ट येईल" एवढंच ऐकलं. रिपोर्ट आजवर आलेला नाही.

बायका चिडल्या. इतिवृत्तात लिहिलं गेलं, "यापुढे कोणत्याही सर्वेला कोणी बसायचं नाही." मला वाटलं, बरोबरच आहे. पण दोन महिन्यांनी उपकेंद्रावर सिकलसेलची तपासणी ठेवली तेव्हा आशाताई घरोघरी सांगून आल्या, तरी त्या पाड्यावरून जेमतेम निम्म्या बायका गेल्या. बाकीच्या म्हणाल्या, "परत रक्त? नाही देणार." तेव्हा कळलं, दार उघडं टाकलं तरी नुकसान आणि कायमचं लावून घेतलं तरी नुकसान. म्हणून हा लेख.

तपासणी वेगळी, संशोधन वेगळं

बोटाला सुई तीच टोचतात, पण काम दोन प्रकारचं असतं.

तपासणी तुमच्यासाठी असते. सिकलसेलचंच बघा. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. त्यात आदिवासी भागात ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी करायची आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस बाहेरून धडधाकट दिसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींसाठी तर ही तपासणी फार मोलाची. निकाल तुम्हाला मिळतो आणि पुढचा सल्ला उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतो.

संशोधन सगळ्यांसाठी असतं. एखादा आजार किती जणींना आहे, का आहे, कशाने कमी होईल, हे शोधायचं असतं. त्याचा फायदा तुम्हाला लगेच होईलच असं नाही. पुढच्या बायकांना होईल, दुसऱ्या जिल्ह्यात होईल. म्हणूनच त्यात तुमची परवानगी लागते. तुम्ही तिथे फक्त रुग्ण नसता, तुम्ही काहीतरी देत असता.

मोजलं म्हणून दिसलं

मग द्यायचं कशाला? याचं उत्तर गडचिरोलीत आहे.

गडचिरोली म्हणजे जंगल, आदिवासी गावं, आणि अनेक वर्षं नक्षलवादी आणि पोलीस यांच्यामध्ये सापडलेली माणसं. अशा ठिकाणी वही घेऊन अनोळखी माणूस आला की पोटात गोळा येतो, हा कोणाचा, माझं नाव लिहून कोणाला देणार? तिथे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग १९८६ पासून 'सर्च' या संस्थेतर्फे काम करतात.

त्या काळी सरकारी दवाखान्यात बाईची आठवण दोनच वेळा यायची, गरोदरपणात आणि कुटुंब नियोजनात. अंगावरून पांढरं जाणं, पाळीचा त्रास, ओटीपोटात दुखणं याबद्दल कोणी विचारत नव्हतं आणि बाईही सांगत नव्हती. राणीताई स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी दोन गावांतल्या ६५० बायका-मुलींची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या जगातल्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात तो अभ्यास छापून आला. १०० पैकी ९२ जणींना एक ना एक स्त्रीरोग होता. आणि आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या किती? १०० पैकी फक्त ८.

आपल्याही पाड्यावर "बाईच्या जातीला एवढं चालायचंच" असं म्हणतात ना? त्या ६५० जणींनी सांगितलं आणि तपासू दिलं, म्हणून "चालायचंच" नाही, हा आजार आहे, हे जगाला कळलं. बाळंतपण आणि नसबंदीपलीकडेही बाईचं आरोग्य असतं, हा विचार पुढे धोरणांत आला, त्यात या अभ्यासाचा मोठा वाटा मानला जातो.

दुसरी गोष्ट तर आपल्या प्रत्येकीच्या घरात आलेली आहे. त्याच गडचिरोलीत १९९३ पासून नवजात बाळांचा अभ्यास सुरू झाला. एका वर्षात ७६३ बाळं पाहिली. त्यातल्या निम्म्याहून जास्त बाळांना औषधोपचाराची गरज होती, पण डॉक्टर-नर्सपर्यंत पोचलेली बाळं १०० मागे तीनसुद्धा नव्हती. मग ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, वजन कसं करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि औषध कसं द्यायचं. शिक्षण कमी असलेल्या आरोग्यसेवकांना श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांची पाटी बनवली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि मिनिटाचं वाळूचं घड्याळ संपायच्या आत लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया. तुलनेसाठी दुसऱ्या ४७ गावांतही मोजणी चालू ठेवली. या ३९ गावांत सुरुवातीला हजार बाळांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावायची. १९९७-९८ पर्यंत तो आकडा साधारण २५ वर आला.

आता आठवा. दवाखान्यातून बाळंतीण घरी आली की आशाताई वजनकाटा, थर्मामीटर घेऊन तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. देशभर २०११ साली सुरू झालेल्या या भेटींच्या मागे गडचिरोलीचा तो अभ्यास आहे. तिकडच्या बायकांनी दार उघडलं, म्हणून आपल्या घरी आशाताई येते.

आपल्या जिल्ह्यालाही मोजणीची किंमत माहीत आहे. १९९२-९३ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने बाळं दगावली, ते बाहेर कळलं तेव्हा कुठे सगळ्यांचं लक्ष गेलं. जे मोजलं जात नाही ते सरकारला दिसत नाही.

विचारलं नाही म्हणून बिघडलं

आता दुसरी बाजू. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी लस एका अभ्यास-प्रकल्पात दिली गेली. बऱ्याच मुली आदिवासी, कित्येक वसतिगृहात राहणाऱ्या. प्रकल्पाच्या काळात सात मुलींचे मृत्यू झाले, गदारोळ झाला आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत असं आढळलं की त्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसत नाही. पण संमतीचे कागद तपासले तेव्हा मोठे घोळ निघाले. एकट्या आंध्रात अडीच हजारांहून जास्त कागदांवर आई-बापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१३ साली संसदेच्या समितीनेही यावर कडक ताशेरे ओढले.

इथे नीट लक्षात घ्या. ती लस वाईट नाही. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ती द्यावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण आईला न विचारता, समजावून न सांगता दिली, म्हणून चांगल्या लसीवरचाही लोकांचा विश्वास उडाला. आपल्या पाड्यावर सिकलसेलच्या वेळी तेच झालं. रक्त घेण्यात चूक नव्हती. विचारलं नाही आणि परत येऊन सांगितलं नाही, ही चूक होती.

'नाही' म्हणणं ज्यांना जड जातं

संशोधनाच्या भाषेत आपल्यासारख्यांना 'असुरक्षित गट' म्हणतात. आपण कमजोर आहोत असा त्याचा अर्थ नाही. ज्यांना समोरच्याला 'नाही' म्हणणं जड जातं, ते असुरक्षित. वीटभट्टीवर गेलेली बाई मुकादमासमोर नाही म्हणू शकत नाही. एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारी, चाळीत भाड्याने राहणारी परराज्यातली बाई घाबरते, या कागदावरून खोली तर खाली करायला लावणार नाहीत ना? आणि गटाच्या बैठकीत बसलेली बाई विचार करते, नाही म्हटलं तर माझं कर्ज अडेल का? त्या दिवशी मी बैठकीतच त्या लोकांना बसवलं, तेव्हा हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

म्हणूनच नियम आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, हिची २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की माणसांवरच्या कोणत्याही अभ्यासाला आधी नीतिसमितीची मंजुरी हवी. माहिती तुमच्या भाषेत समजावून सांगायची. वाचता येत नसेल तर त्या अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा आणि मगच अंगठा. मध्येच कधीही बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे तुमचे उपचार किंवा कोणतीही सोय बंद करता येत नाही.

हे सात प्रश्न विचारा

१. तुम्ही कोण, कोणाकडून आलात? ओळखपत्र दाखवा.

२. ही तपासणी आहे की संशोधन? संशोधन असेल तर कोणत्या नीतिसमितीची मंजुरी आहे?

३. नेमकं काय करणार? नुसते प्रश्न विचारणार की रक्तही घेणार, किती घेणार, किती वेळ लागेल? मजुरी बुडाली तर भरपाई देणार का?

४. काही त्रास होऊ शकतो का? झाला तर उपचार कुठे आणि खर्च कोणाचा?

५. मी नाही म्हटलं, किंवा मध्येच सोडलं, तर काय?

६. माझं नाव आणि माझी माहिती कोण कोण बघणार? घरच्यांना, मालकाला, मुकादमाला कळणार का?

७. निकाल मला कधी आणि कोण सांगणार? या कागदाची एक प्रत आणि फोन नंबर मला द्या.

नीट काम करणारा माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. उलट खाली बसून सांगतो. जो "एवढं काय विचारता, अंगठा द्या" म्हणतो, त्याला चहा पाजून परत पाठवा. घरी विचारून उद्या सांगते, असं म्हणण्याचाही तुम्हाला हक्क आहे. काही चुकीचं वाटलं तर कागदावर नीतिसमितीचा पत्ता असतो तिथे कळवा, किंवा आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीला लेखी द्या. लिहायला मी येईन.

आपण काय ठरवलं

त्या पाड्यावरच्या गटाने मागच्या महिन्यात इतिवृत्तातलं वाक्य बदललं. आधी होतं, "कोणत्याही सर्वेला बसायचं नाही." आता आहे, "विचारल्याशिवाय कोणत्याही सर्वेला बसायचं नाही." आणखी दोन गोष्टी ठरल्या. बचत-कर्जाच्या बैठकीत कोणाचाही सर्वे घ्यायचा नाही, त्यासाठी वेगळा दिवस द्यायचा. आणि आधी ग्रामसंघात येऊन माहिती सांगितल्याशिवाय कोणी पाड्यावर जायचं नाही. मी हे दोन्ही माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

ज्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला होता, त्या स्वतः आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून आल्या. रक्त कमी निघालं, लोहाच्या गोळ्या चालू आहेत. सिकलसेलची तपासणी राहिलेल्या बायकांची यादी आशाताईंकडे आहे, पुढच्या तारखेला त्याच सगळ्यांना घेऊन जाणार आहेत.

तुमच्या पुढच्या बैठकीत हे सात प्रश्न मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाठ होईपर्यंत वाचा. आणि तुमच्याकडे कोणी रक्त नेलं, अंगठे नेले आणि परत आलंच नाही, असं झालं असेल तर मला कळवा. आपण मिळून विचारायला जाऊ.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, सालवड विभाग