स्टार्टरचे पॉइंट

विहिरीवरची मोटार चालू करताना आपण हिरवे बटन दाबतो. पेटीत खट् असा आवाज होतो आणि पाणी चढू लागते. ही पेटी म्हणजे स्टार्टर.

पेटीत धातूचे छोटे तुकडे असतात. त्यांना पॉइंट म्हणतात. बटन दाबले की ते एकमेकांना टेकतात आणि वीज पुढे जाते. मोटार बंद केली की ते दूर होतात. तेव्हा बारीक ठिणगी उडते. वर्षानुवर्षे ठिणग्या खाऊन पॉइंट झिजतात. त्यात शेतातली धूळ बसते.

मोटारीला तीन फेज लागतात. एक पॉइंट जरी नीट टेकला नाही, तरी मोटार नुसती घुमते. उरलेल्या दोन तारांतून ती जास्त वीज ओढते. लगेच बंद केली नाही तर आतली तार जळते. मग ऐन उन्हाळ्यात पीक उभे आणि मोटार रिवाइंडिंगला!

अशा वेळी काही जण पॉइंटवर तेल सोडतात. म्हणतात, "गाडीच्या आसाला वंगण लागतं, मग याला का नको?" अहो, आस घासतो, पॉइंट नुसते टेकतात. ठिणगीने तेल जळते, त्याची काजळी होते. काही पेट्या तेलाने भरलेल्या असतात, हे खरे. पण ते ट्रान्सफॉर्मरचे तेल. त्यात पॉइंट पूर्ण बुडालेले असतात आणि ठिणगी तेलातच विझते. तिथे दुसरे तेल चालत नाही. रॉकेल तर मुळीच नको, ते पेट घेईल.

कानसही लावू नये. पुष्कळ पॉइंटांवर चांदीमिश्रित धातू असतो. तो काळा पडला तरी वीज नेतो. कानशीने मात्र चांदीच निघून जाते. कोरड्या, स्वच्छ फडक्याने धूळ पुसावी, एवढे पुरे. चांदी संपली असेल तर तिन्ही फेजचे पॉइंट एकदम बदलावेत. तारांचे स्क्रू ढिले असतील तर आवळावेत. ढिला स्क्रूही तापतो.

हे सारे वीज तोडल्यावरच, बरे का! तीन फेजची वीज 415 व्होल्टची असते. ती माणसाला सोडत नाही. "आता लाइट गेलीय, पटकन बघतो," असे कधी म्हणू नका. लाइट केव्हाही येते. ऑटो लावला असेल तर स्टार्टर आपोआप ओढतो. आधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा. तरी मेन स्विचच्या वरच्या बाजूला वीज असतेच. तिथे हात लावू नका. टेस्टरने तिन्ही तारा तपासायला येत नसेल, तर पेटी उघडू नका, वायरमनला बोलवा.