विमान जमिनीवर चालते तेव्हा...

विमान अपघात म्हटला की आकाशातून कोसळणारे विमानच आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. मात्र विमानांच्या टकरीचा आजवरचा सर्वांत भीषण अपघात जमिनीवर झालेला आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या कॅनरी बेटांतील टेनेरिफच्या विमानतळावर केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण मृत्युमुखी पडले. एका विमानाने उड्डाणासाठी वेग घेतला होता. दुसरे त्याच धावपट्टीवरून सावकाश चालत होते.

विमान उभे असलेल्या जागेपासून धावपट्टीपर्यंत आणि उतरल्यावर धावपट्टीपासून पुन्हा उभे राहण्याच्या जागेपर्यंत जमिनीवरून स्वतःच्या बळावर चालत जाते. या चालण्याला वैमानिकी भाषेत 'टॅक्सिइंग' म्हणतात. प्रवाशांच्या दृष्टीने हा प्रवासातला कंटाळवाणा भाग असतो. वैमानिकाच्या दृष्टीने मात्र तो अतिशय दक्षतेचा काळ असतो.

रेषेचे महत्त्व

विमानाला मागे जाण्यासाठी ट्रॅक्टरची मदत घ्यावी लागते. त्यानंतर ते इंजिनांच्या जोरावर पुढे निघते. सरळ मार्गावर त्याचा वेग साधारणपणे ताशी ४० ते ५० किलोमीटर असतो, वळणावर तो बराच कमी केला जातो. मोठ्या विमानात वैमानिक पुढच्या चाकांच्याही पुढे बसलेला असतो आणि पंखांची टोके त्याला सहसा दिसत नाहीत. एअरबस ए-३८० या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ८० मीटर आहे. एप्रिल २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर अशाच एका विमानाच्या पंखाने थांबलेल्या छोट्या विमानाच्या शेपटीला धडक दिली आणि ते विमान जागच्या जागी गरकन फिरले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. मे २०२४ मध्ये पुण्यातही एअर इंडियाचे विमान धावपट्टीकडे जाताना एका टग ट्रॅक्टरला धडकले होते.

अशा धडकांमध्ये बहुधा विमानाचेच नुकसान होते. जीवघेणा धोका असतो तो चुकून धावपट्टीवर शिरण्यात. उतरणारे प्रवासी विमान ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ७० मीटर या गतीने येत असते. समोर अडथळा दिसल्यावर थांबण्यास वा वळण्यास त्याला जवळजवळ वावच उरत नाही.

म्हणूनच धावपट्टीच्या तोंडाशी पिवळ्या रंगाच्या चार समांतर रेषा आखलेल्या असतात. दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेषांच्या बाजूने येणाऱ्या विमानाने परवानगी मिळेपर्यंत तेथेच थांबावयाचे असते. जवळच लाल फलकावर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचा क्रमांक असतो. टॅक्सी-वेच्या कडेला निळे आणि मधोमध हिरवे दिवे, तर धावपट्टीच्या कडेला प्रामुख्याने पांढरे दिवे असतात. अनेक विमानतळांवर थांबण्याच्या रेषेवर लाल दिव्यांची ओळ बसवलेली असते. ती विझल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

शब्दांची किंमत

या सर्व खुणा असल्या, तरी धावपट्टीचे दार उघडते ते शब्दांनी. टेनेरिफला नेमका शब्दांनीच घात केला. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने अनेक विमाने टेनेरिफकडे वळवण्यात आली होती. टॅक्सी-वेवर विमानांची दाटी झाल्याने दोन्ही जम्बो विमानांना धावपट्टीवरूनच चालत जावे लागले. दाट धुक्यामुळे ती विमाने एकमेकांना आणि मनोऱ्यातील नियंत्रकालाही दिसत नव्हती. जमिनीवरील हालचाल टिपणारे रडार तेथे नव्हते. केएलएमच्या वैमानिकाला उड्डाणानंतरच्या मार्गाची सूचना मिळाली होती, उड्डाणाची परवानगी नव्हे. त्याच्या सहवैमानिकाचे संदिग्ध वाक्य नियंत्रकाला 'विमान सज्ज आहे' असे वाटले. आपण अजून धावपट्टीवरच आहोत, हा पॅन अ‍ॅमचा संदेश आणि थांबण्याविषयी नियंत्रकाने सांगितलेले शब्द एकाच क्षणी प्रसारित झाले. परिणामी केएलएमच्या कक्षात कर्कश आवाजाखेरीज फारसे काही ऐकू आले नाही.

या अपघातानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द केवळ प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरावा, असा दंडक जगभर रूढ झाला. धावपट्टीबाबतची प्रत्येक सूचना वैमानिकाने शब्दशः परत म्हणून दाखवावी आणि नियंत्रकाने ती ऐकून पडताळावी, यावरही भर देण्यात आला. विमान जमिनीवर चालत असताना वैमानिकांनी कामाव्यतिरिक्त गप्पा मारू नयेत, असा नियम अमेरिकेने १९८१ मध्ये केला.

चोवीस वर्षांनी तीच कथा

तरीही ८ ऑक्टोबर २००१ रोजी इटलीत मिलानच्या लिनाटे विमानतळावर धुक्यातच जवळपास तीच घटना घडली. एक छोटे सेसना विमान नेमून दिलेल्या टॅक्सी-वेऐवजी दुसऱ्याच टॅक्सी-वेवर वळले आणि थेट मुख्य धावपट्टीवर पोहोचले. उड्डाण करणाऱ्या 'एसएएस' कंपनीच्या विमानाशी त्याची टक्कर होऊन एकूण ११८ जण ठार झाले. सेसनाच्या वैमानिकाने जमिनीवरील एका खुणेचा उल्लेख केला होता, पण ती खूण नियंत्रकाला परिचितच नव्हती. मार्गावरील खुणा अपुऱ्या होत्या आणि जमिनीवरील रडार कार्यान्वित नव्हते. एका माणसाची चूक पकडू शकेल असा दुसरा डोळाच तेथे नव्हता.

डोळा असूनही चूक निसटू शकते, हे २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर दिसले. नोतो येथील भूकंपग्रस्तांसाठी मदत नेणारे तटरक्षक दलाचे विमान धावपट्टीबाहेर थांबण्याची सूचना असतानाही आत शिरले आणि सुमारे ४० सेकंद तेथे उभे राहिले. उड्डाणाच्या क्रमात आपण पहिले आहोत, या सूचनेवरून आत जाण्याची परवानगी मिळाली असा त्याच्या कप्तानाचा समज झाला. लाल दिव्यांची ओळ दुरुस्तीसाठी बंद होती. नियंत्रकाच्या पडद्यावर इशारा उमटला, पण त्याच्या ते ध्यानात आले नाही. जपान एअरलाइन्सचे ए-३५० विमान त्या विमानावर आदळले. तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला.

आपल्या दारातील इशारे

मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे प्रचंड वाहतूक असूनही एका वेळी प्रामुख्याने एकच धावपट्टी वापरावी लागते आणि दोन विमानांमधील अंतर मिनिटांत नव्हे, सेकंदांत मोजले जाते. ९ फेब्रुवारी २००९ रोजी येथे उड्डाणासाठी धावणाऱ्या एअर इंडियाच्या विमानासमोर राष्ट्रपतींच्या ताफ्यातील हेलिकॉप्टर आले. वैमानिकाने वेळीच ब्रेक लावल्याने अनर्थ टळला. ८ जून २०२४ रोजी एअर इंडियाचे विमान धावपट्टीवरून उड्डाण करीत असतानाच त्याच धावपट्टीवर इंडिगोचे विमान उतरले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची चौकशी सुरू केली आणि संबंधित नियंत्रकाला कामावरून दूर ठेवण्यात आले.

नियंत्रकाला दूर करणे सोपे असते. पण वरील अपघातांत चुकलेली माणसे नवशिकी नव्हती. केएलएमचा कप्तान त्या कंपनीतील ज्येष्ठ प्रशिक्षक होता. जे ऐकण्याची अपेक्षा असते तेच ऐकू येणे, हा मानवी स्वभाव आहे. तो शिक्षेने बदलत नाही. म्हणून सावध माणूसही चुकणार हे गृहीत धरून चूक अडवणाऱ्या आणखी भिंती उभारणे हाच उपाय ठरतो. नियंत्रकाचे लक्ष हमखास वेधून घेणारा इशारा, कोणत्याही हवामानात पेटणारे लाल दिवे आणि नियंत्रकाच्या मध्यस्थीशिवाय थेट वैमानिकाला सावध करणारी यंत्रणा, या त्या भिंती होत. अमेरिकेतील काही विमानतळांवर धावपट्टी व्यापलेली असताना आपोआप लाल होणारे दिवे वापरात आहेत. वर्दळीच्या प्रत्येक विमानतळावर अशी सोय असणे ही आता चैन मानता येणार नाही.

या साखळीत प्रवाशाचेही एक स्थान आहे. हानेडा येथे जळत्या विमानातून ३७९ जण सुखरूप बाहेर पडले. कर्मचाऱ्यांनी केवळ तीन दारे वापरून अवघ्या १८ मिनिटांत विमान रिकामे केले आणि प्रवाशांनीही सामानाचा मोह टाळला. विमान उतरून धावपट्टीवरून बाहेर वळत असतानाच पट्टा सोडून उभे राहण्याची आणि वरच्या कप्प्यातील बॅग काढण्याची आपल्याकडील घाई या पार्श्वभूमीवर तपासून पाहावी. चाके टेकली म्हणजे प्रवास संपला असे नाही. विमान आपल्या जागी पोहोचून इंजिने बंद होतात, तेव्हाच तो संपतो.