'एकमताने'

घरातला पहिला पदवीधर म्हणून पक्षाच्या तालुका समितीचे इतिवृत्त माझ्याकडे आले. उमेदवार बंद खोलीत ठरे. वहीत मी 'एकमताने' लिहीत असे. विचारले, तर उत्तर 'अंतर्गत बाब!'

गावाने बहिष्कार टाकलेल्या कुटुंबांची नावे गुप्तच राहावीत. तिथे गुप्तता दुबळ्यांचे कवच असते. निर्णय आणि हिशेब झाकले, की ती पुढाऱ्याची ढाल होते.

हा दोष एका तालुक्याचा नाही. ३ जून २०१३ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना माहितीचा अधिकार लागू केला. त्यांत बहुजन समाज पक्षही होता. २०१५ मध्ये आयोगालाच नोंदवावे लागले, की एकानेही आदेश पाळला नाही.

पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभे राहिलेल्यांनी आपल्याच माणसांना दार लावावे काय? चर्चा खासगी असू द्या. ठराव, विरोधी मते आणि हिशेब सभासदांपुढे आलेच पाहिजेत.