वहीतला सर्व्हे पडद्यावर: डेटाबेसला पॉवर बीआय कसं जोडायचं?



गेल्या वर्षी सफाळे परिसरातल्या मुलांच्या रखडलेल्या शिष्यवृत्तीचं निवेदन घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. साहेबांनी एवढंच विचारलं, "किती मुलं, कोणत्या गावची?" आमच्याकडे सर्व्हेच्या चार वह्या होत्या, उत्तर नव्हतं. नंतर पोरांनी रात्री बसून सगळं मायएसक्यूएल या मोफत डेटाबेसमध्ये भरलं. पण डेटाबेस म्हणजे बंद कपाट. आत काय आहे ते चार लोकांना दिसावं म्हणून त्याला पॉवर बीआय जोडलं.

पॉवर बीआय डेस्कटॉप मोफत आहे, फक्त विंडोजवर चालतं. मायएसक्यूएलसाठी 'कनेक्टर/नेट' हा छोटा प्रोग्रॅम आधी बसवून घ्या. मग 'गेट डेटा'मध्ये जाऊन मायएसक्यूएल निवडा. सर्व्हरचं नाव विचारतं. डेटाबेस त्याच संगणकावर असेल तर 'लोकलहोस्ट' लिहा. पुढे डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड. इथे मुख्य युजरचा पासवर्ड देऊ नका. फक्त वाचण्याची, म्हणजे 'सिलेक्ट'ची परवानगी असलेला वेगळा युजर बनवा. म्हणजे अहवाल बनवताना मूळ नोंदी पुसल्या जाण्याची भीती राहत नाही.

तक्ते आत आले की गावाचं नाव एका बाजूला, विद्यार्थ्यांची संख्या दुसऱ्या बाजूला ओढायची, पट्ट्यांचा आलेख तयार. लक्षात ठेवा, ही माहितीची प्रत असते. नवी नोंद भरल्यावर 'रिफ्रेश' दाबल्याशिवाय आलेख बदलत नाही.

आमचा पहिला आलेख पाहून मात्र आम्ही गप्प झालो. आपलाच समाज चार पट्ट्यांत विभागलेला! कोणी 'बौद्ध' लिहिलं होतं, कोणी 'नवबौद्ध', कोणी 'महार', कोणी 'महार बौद्ध'. संगणकाला हे चार वेगळे समाज वाटतात. चूक आमचीच, धर्म आणि जात एकाच रकान्यात विचारली होती. ही बाब किरकोळ नाही. बौद्ध झालेल्यांना केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जा मिळायला १९९० ची दुरुस्ती लागली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध सुमारे ६५ लाख, पण त्यातले अनुसूचित जातीत नोंदले गेलेले सुमारे ५२ लाखच. म्हणून धर्म आणि जात असे दोन रकाने ठेवा, आणि उत्तर हाताने लिहून न घेता ठरलेल्या यादीतून निवडायला लावा. जुन्या नोंदी पॉवर बीआयमध्येही बदलता येतात, पण दुरुस्ती मूळ डेटाबेसमध्येच केलेली बरी, नाहीतर पुढचा माणूस परत तिथेच अडकतो.

अजून एक. मुलांची नावं, मोबाईल, आधार क्रमांक आलेखाला लागत नाहीत. फक्त गाव, इयत्ता, अर्जाची स्थिती एवढेच रकाने दाखवणारा 'व्ह्यू' डेटाबेसमध्ये बनवा आणि तोच जोडा. 'पब्लिश टू वेब' तर वापरूच नका, ती लिंक कोणीही उघडू शकतं. शिवाय ऑनलाइन खात्यासाठी संस्थेचा किंवा कॉलेजचा ईमेल लागतो, जीमेल चालत नाही. आम्ही अहवालाची पीडीएफ काढून छापतो. निवेदनाला जोडायला तीच कामाची.

केळवे रोडच्या बाजूच्या पाड्यांची एक वही अजून भरायची राहिली आहे. टायपिंग येणारं कोणी रविवारी मोकळं असेल तर यावं.