दोष मूत्राशयाचा नव्हे, चेतातंतूंचा

मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस झालेला पुरुष डॉक्टरांना सांगतो की चालताना तोल जातो, एका डोळ्याने धूसर दिसतं, पायांना मुंग्या येतात. एसटीत बसण्याआधी दोनदा लघवीला जाऊनही वाटेत पँट ओली होते, हे सांगत नाही. बायकोजवळ जायची भीती वाटते, हे तर नाहीच नाही. आणि डॉक्टरही पुष्कळदा विचारत नाहीत. मग सल्ला मिळतो तो मित्रांकडून, नाहीतर रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिरातींतून. उपचार असलेल्या त्रासात माणसं वर्षानुवर्षं कुढत राहतात, ती यामुळे.

अशा सल्ल्यांतून पसरणारे गैरसमज एकेक करून पाहू. ‘पुरुषाला लघवीचा त्रास म्हणजे प्रोस्टेटच.’ एमएस बहुतेकांना २० ते ४० या वयात गाठतो, आणि त्या वयात प्रोस्टेट वाढून लघवी अडणं क्वचितच घडतं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण नष्ट करते. मूत्राशय भरल्याची जाणीव कण्याच्या तळापासून मेंदूपर्यंत पोहोचते आणि ‘थांब’ किंवा ‘सोड’ हा आदेश तेवढंच अंतर कापून खाली येतो. मध्ये कुठेही इजा झाली की हे तंत्र बिघडतं. म्हणूनच एमएसच्या ८० टक्क्यांच्या आसपास रुग्णांना कधी ना कधी लघवीची तक्रार होते.

बिघाड मात्र एकाच तऱ्हेचा नसतो. कुणाचं मूत्राशय थोडंसं भरताच आकुंचन पावतं. मग घाई होते, गळती होते. कुणाचं पुरतं रिकामंच होत नाही. आणि कुणाच्या बाबतीत मूत्राशय आकुंचन पावतं त्याच क्षणी लघवी रोखणारा स्नायूही आवळला जातो. एकाने दार आतून ढकलावं आणि दुसऱ्याने बाहेरून धरून ठेवावं, तसं. रुग्णाला तिन्हींत जाणवतं ते एकच: सारखं जावं लागतं. त्यामुळे अंदाजाने गोळी घेणं धोक्याचं. घाई कमी करणाऱ्या सॉलिफेनॅसिनसारख्या गोळ्यांनी आधीच तुंबणारी लघवी आणखी तुंबू शकते. लघवी करून आल्यावर आत किती उरली, हे सोनोग्राफीने आधी मोजायला हवं. वाढत्या वयात प्रोस्टेटही जोडीला असू शकतं, पण मूत्राशयाचं काम मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी न करता प्रोस्टेटच्या ऑपरेशनला होकार देऊ नये. मूळ बिघाड चेतातंतूंचा असेल तर ऑपरेशननंतरही त्रास राहतो आणि कधी गळती वाढते.

‘पाणी कमी प्या, प्रश्न मिटला.’ उलट वाढतो. दाट लघवी मूत्राशयाला डिवचते, बद्धकोष्ठता होते, तिचाही दाब मूत्राशयावर येतो आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. या संसर्गाची एमएसमध्ये खास भीती बाळगावी, कारण ताप चढला की आवरण गेलेल्या तंतूंतून संदेश आणखी मंद जातात. पाय एकाएकी लुळे पडल्यासारखे होतात आणि घरच्यांना वाटतं, आजाराने नवा झटका दिला. म्हणून स्टेरॉइड सुरू करण्याआधी लघवी तपासून घ्यावी. दुसरं काही पथ्य नसेल तर दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी प्यावं, निजण्याआधीचे दोन तास कमी, आणि चहा-कॉफीला आवर घालावा.

‘नळी लागली म्हणजे माणूस संपला.’ तुंबलेली लघवी काढण्यासाठी कायम लावून ठेवलेली नळी आणि दिवसातून काही वेळा स्वतःच घालून लगेच काढायची नळी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या मिशिगनमधले युरॉलॉजिस्ट जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की स्वतः नळी घालण्यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही. हात आणि नळी स्वच्छ असली की पुरतं. हे शिकलेले लोक नोकरी करतात, प्रवास करतात, रात्री सलग झोपतात. गोळ्यांनी न थांबणाऱ्या गळतीवर मूत्राशयाच्या स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं देतात. त्यांचा गुण काही महिने टिकतो, मात्र त्यानंतर अशी नळी घालावी लागण्याची शक्यता असते; ती घालणंही आधीच शिकून घ्यावं.

‘सकाळी ताठरता येते, म्हणजे दोष मनाचा आहे.’ सगळ्यांत जास्त मनस्ताप देणारा गैरसमज हाच. एमएस असलेल्या निम्म्याहून अधिक पुरुषांना ताठरतेचा प्रश्न येतो. ताठरता दोन मार्गांनी येते: एक मेंदूकडून, दुसरा कण्याच्या तळाशी असलेल्या प्रतिक्षिप्त क्रियेतून. मधल्या मज्जारज्जूत इजा असेल तर झोपेत वा सकाळी ताठरता येऊनही संबंधाच्या वेळी ती टिकत नाही. इच्छा असते, प्रेम असतं, तरीही. अशा वेळी बायकोला वाटतं, आपण नकोशा झालो. नवऱ्याला वाटतं, आपलं पौरुष गेलं. दोघांनाही एकत्र बसवून खरं कारण समजावून सांगणं हाही उपचारच आहे, आणि तो डॉक्टरांनी टाळू नये.

१९९८ पासून मिळणाऱ्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांचा अनेकांना उपयोग होतो. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी मात्र त्या मुळीच घेऊ नयेत. रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरू शकतो. नैराश्यावरची काही औषधंही कामजीवन मंदावतात, तेव्हा चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. थकवा संध्याकाळी वाढत असेल तर जवळीक सकाळी करावी, आधी लघवी करून यावं.

‘आता मूल होणार नाही, झालंच तर त्यालाही एमएस.’ वीर्यपतनात अडचण आली तरी वैद्यकीय मदतीने बहुधा शुक्राणू मिळवता येतात. आई-वडिलांपैकी एकाला एमएस असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता दोन-तीन टक्क्यांच्या घरात असते. एमएसवरची मायटोझॅन्ट्रोनसारखी औषधं मात्र शुक्राणूंना अपाय करू शकतात. ती सुरू होण्याआधी शुक्राणू साठवून ठेवण्याबद्दल विचारावं.

पुढच्या तपासणीआधी तीन दिवस एका वहीत नोंद ठेवा: किती वाजता, किती मिलिलिटर लघवी झाली, गळती कधी झाली, पाणी किती प्यायलात. शेवटच्या ओळीत ताठरतेबद्दल लिहा आणि बोलवत नसेल तर वहीच न्यूरॉलॉजिस्टच्या हाती द्या. युरॉलॉजिस्टकडे पाठवायला त्यांना तेवढं पुरेल.