पंचेचाळीस सेकंदांचा हिशेब

आमच्या घरी गेलं वर्षभर एक नवीन शब्द मुक्कामाला होता, ‘मॉक’. चहाच्या कपाबरोबर मॉक, जेवणाच्या ताटावर मॉक. माझी धाकटी नणंद एमबीएच्या प्रवेशपरीक्षेला, म्हणजे राज्याच्या सीईटीला, दुसऱ्यांदा बसत होती. मॉक म्हणजे सराव-परीक्षा. दोन-अडीच तास खोलीचं दार बंद, आणि दार उघडलं की घरातल्या चौघांचा एकच प्रश्न, “किती पडले गं?”

मैत्रिणींनो, हा प्रश्न विचारणाऱ्यांत मीही होते, हे आधीच कबूल करते. तुमच्याही घरात कुणी मुलगी, दीर, भाचा अशा परीक्षेला बसत असेल, तर आमच्या घरी काय चुकलं आणि काय सुधारलं ते सांगावं, म्हणून हा लेखनप्रपंच. मी स्वतः बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी. गणिताला दहावीनंतर नमस्कार केला तो कायमचा. तेव्हा यात विद्वत्तेचं काही नाही.

वहीच्या मागच्या पानावर

नणंदेनं नोकरी सोडून अभ्यास धरला होता. पहिल्या वर्षी नोकरी सांभाळून परीक्षा दिली, ती जेमतेम गेली. मग तिनं वडिलांपुढे विषय काढला, “बाबा, माझ्या लग्नासाठी ठेवलेली ठेव आहे ना, ती फीला वापरू या.” सासूबाईंच्या हातातला चमचा तिथेच थांबला. चार दिवस घरात कुणी धड बोललं नाही. शेवटी मामंजी म्हणाले, “हे एक वर्ष. पुढच्या वर्षी हा विषय नाही.”

एवढं ओझं डोक्यावर घेऊन ती पेपर सोडवत होती. विचारलं की सांगायची, “एकशे दहा,” “एकशे अठरा.” दोनशेपैकी हे आकडे आम्हांला बरे वाटायचे. जानेवारीतल्या एका रात्री किराणा मालाची यादी करायला कागद शोधताना तिची वही हाती लागली. मागच्या पानावर तारखा आणि आकडे होते. चौऱ्याण्णव, एक्याण्णव, सत्त्याण्णव, पुन्हा चौऱ्याण्णव. एकशे दहा कुठेच नव्हतं.

ती पाणी प्यायला आली आणि माझ्या हातात वही बघून दारातच उभी राहिली. “वहिनी, आईला सांगू नकोस ना.”

मी म्हटलं, “मी सांगणार नाही. पण कधीतरी तू सांगायचंस. आणि आज मला तो पेपर दाखव.”

मला आधी माझाच राग आला. ‘रोज एक पेपर सोडव, आपोआप हात बसेल,’ हा सल्ला माझाच होता. ती तो इमानानं पाळत होती आणि आकडा जागचा हलत नव्हता. शाळेत पंचवीस निबंध लिहून घेतले आणि एकही तपासून परत दिला नाही, तर मुलं तीच चूक पंचवीस वेळा करतात. हे मला वर्गात कळतं, घरात कळलं नव्हतं.

चुका मोजल्या, तेव्हा

आधी या परीक्षेचं रूप सांगते. २०२५ च्या सीईटीत प्रश्न २००, वेळ १५० मिनिटं. तर्कावर आधारित ७५ प्रश्न, आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजी भाषा व उताऱ्यांचे ५०. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय, आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. १५० मिनिटांचे सेकंद झाले ९०००. त्याला २०० नं भागलं की एका प्रश्नाच्या वाट्याला येतात ४५ सेकंद. फोडणीत मोहरी तडतडायला लागते, तेवढाच वेळ म्हणा ना!

त्या रात्री आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर बसलो. चौऱ्याण्णववाल्या पेपरात तिनं १५८ प्रश्न सोडवले होते. ९४ बरोबर, ६४ चूक, आणि ४२ कोरे. मी एका कागदावर तीन रकाने आखले. ‘येतच नव्हतं’, ‘येत होतं पण घाईत चुकलं किंवा नीट वाचलं नाही’, ‘अडकले, वेळ गेला, मग काहीतरी ठोकून दिलं’. एकेक चूक रकान्यात टाकत गेलो. पहिल्यात १९ आल्या, दुसऱ्यात २६, तिसऱ्यात १९.

म्हणजे चौसष्टांतल्या फक्त एकोणीस चुका अज्ञानाच्या! आणि ती महिनाभर काय करत होती, तर ‘मला गणित येत नाही’ म्हणून नवनवी पुस्तकं आणत होती.

दुसऱ्या दिवशी तिला ते कोरे ४२ प्रश्न घड्याळाशिवाय सोडवायला दिले. २९ बरोबर आले. त्यांतले बरेचसे शेवटच्या पानांवरचे शब्दार्थाचे नि रिकाम्या जागांचे सोपे प्रश्न होते. ती तिथपर्यंत पोचलीच नव्हती. कारण मधल्या ‘आठ माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत’ या एका कोड्यापाशी तिची तब्बल अकरा मिनिटं गेली होती. “सोडवत आलेलं होतं गं वहिनी, सोडवेना,” ती म्हणाली. करपलेली भाजी वाचवण्याच्या नादात दुसऱ्या शेगडीवरचं दूध उतू जावं, तसं झालं.

तीन फेऱ्यांची पद्धत

मग आम्ही वेळेची आखणी केली. सराव-पेपर तिच्या सोयीनं कुठूनही कुठेही जाऊ देत होता, म्हणून हे जमलं.

पहिली फेरी १०८ मिनिटांची. दर पन्नास प्रश्नांना २७ मिनिटं. या फेरीत सगळे दोनशे प्रश्न डोळ्यांखालून गेलेच पाहिजेत. वाचताक्षणी वाट दिसली तर सोडवायचा. मिनिटभरात सुटला नाही, तर खूण करून पुढे. लांबलचक कोडं दिसलं की हातच लावायचा नाही, फक्त खूण.

दुसरी फेरी ३४ मिनिटांची. आता खुणा केलेल्या कोड्यांकडे परत यायचं. एका कोड्यावर पाच प्रश्न असतील तर पाच-सहा मिनिटं दिली तरी परवडतात. पण मांडणी दोन मिनिटांत जमली नाही, तर ते सोडून पुढचं धरायचं.

तिसरी फेरी उरलेल्या ८ मिनिटांची. एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. गुण कापले जात नाहीत, मग कोरं ठेवून मिळवायचं काय? पाच पर्यायांत नुसतं डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीस प्रश्नांत सरासरी सहा बरोबर येतात. पाचांतले दोन पर्याय नक्की चूक म्हणून बाद करता आले, तर तीसांत दहा.

पण हा नियम सगळीकडे लावू नका हं! आयआयएमसाठीची कॅट परीक्षा वेगळ्या चालीची आहे. तिथे २०२५ साली ६८ प्रश्न आणि १२० मिनिटं होती. तिन्ही भागांना प्रत्येकी ४० मिनिटं बांधलेली, एका भागातून दुसऱ्यात मनाप्रमाणे जाता येत नाही. बरोबर उत्तराला तीन गुण आणि पर्यायाच्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर एक गुण वजा. चार पर्यायांत आंधळेपणानं ठोकलं तर एका बरोबरचे तीन मिळतात नि तीन चुकांचे तीन जातात, हाती शून्य! तिथे निदान एक तरी पर्याय बाद करता आला तरच उत्तर द्यावं. म्हणून आपली परीक्षा कोणती, तिचे त्या वर्षीचे नियम काय, हे माहितीपत्रकात स्वतः वाचावं. ऐकीव गोष्टींवर जाऊ नये.

आठवड्याचा बेत

रोजचा पेपर मी बंद करायला लावला. आठवड्यात दोनच, बुधवारी आणि रविवारी. पेपराच्या दुसऱ्या दिवशी फक्त चुकांची वही. पेपराला अडीच तास लागले तर त्याच्या चुकांना तीन तास लागले तरी चालतील. उरलेल्या दिवशी रोज चार कोडी घड्याळ लावून, एक-दोन उतारे आणि तासभर गणित.

गणितात तिचा वेळ आकडेमोडीत जायचा. त्यावर उपाय स्वयंपाकघरात झाला. ओट्यावरच्या फरशीवर तीसपर्यंतचे वर्ग आणि अपूर्णांकांचे टक्के लिहिलेला कागद चिकटवला. मी पोळ्या लाटता लाटता विचारायची, “चारशे ऐंशीचे साडेसदतीस टक्के?” आधी ती हवेत बोटानं गुणाकार करायची. महिन्याभरानं एका दमात म्हणायला लागली, “तीन अष्टमांश, म्हणजे एकशे ऐंशी.” सासूबाई आधी नुसत्या ऐकायच्या. एक दिवस त्याच म्हणाल्या, “पावकी-निमकी आम्ही अशीच पाठ केली होती!” आणि मग विचारायचं काम त्यांनीच घेतलं.

घरच्यांनी करायच्या गोष्टी याहून सोप्या. पेपराच्या वेळी फोन आमच्याकडे. भाजीवाला आला तर ‘जरा पिशवी देतेस?’ म्हणून तिला उठवायचं नाही. पेपर परीक्षेच्याच वेळेला, कधी सकाळी, कधी दुपारी, म्हणजे दुपारच्या सत्रात डोळे मिटणार नाहीत. खुर्ची-टेबलाशी बसून, पलंगावर लोळून नव्हे. आणि बाहेर आली की ‘किती पडले’ विचारायचं नाही. विचारायचंच तर, “आज कुठे अडकलीस?” असं विचारायचं. हा बदल माझ्या जिभेला सगळ्यांत जड गेला.

आकडा सरळ चढत नाही

नव्या पद्धतीनं दिलेल्या पहिल्या पेपरात तिला पडले ८९! ती रडली. मीही मनातून घाबरले. पण नवी वाट पायाखाली यायला वेळ लागतोच. आम्ही ठरवलं, एका पेपराकडे बघायचं नाही, तीन पेपरांची सरासरी धरायची. ८९, ९६, १०३, सरासरी ९६. पुढचे तीन १०७, १०४, ११३, सरासरी १०८. मधल्या १०४ वर नुसती नजर टाकली असती, तर ‘पुन्हा घसरले’ म्हणून तिनं पद्धतच सोडून दिली असती.

त्या १०४ च्या दिवशीच ती मामंजींसमोर जाऊन बसली. “बाबा, जानेवारीपर्यंत मी सांगितलेले आकडे खोटे होते.” मी दाराआड, छातीत धडधड. मामंजींनी चष्मा काढला, पुसला. “आज खरे किती?” “एकशे चार.” ते इतकंच म्हणाले, “बरं. आता इथून पुढे खरंच सांग.” त्या रात्री ती पोटभर जेवली. एवढं मात्र मला समजलं, की आपण आकडा विचारत राहतो, म्हणून मुलं आपल्याला हवा तो आकडा देतात.

निकालाबद्दलही थोडं सांगते. ही परीक्षा अनेक सत्रांत होते, म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे शंभरांतल्या साधारण नव्वदांच्या बरोबरीनं किंवा पुढे. आमच्याकडे एका आत्याबाईंना हे समजावता समजावता चहा दोनदा झाला! नणंदेचा निकाल नव्वदीच्या पुढे लागला. तिचा जीव मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेत, मुंबई विद्यापीठानं १९६५ साली सुरू केलेल्या, अडकला होता. तिथे काही नंबर लागला नाही. पुण्याच्या एका महाविद्यालयात लागला. दोन दिवस ती गप्प होती, तिसऱ्या दिवशी बॅग भरायला घेतली.

फीचंही जाता जाता. २०२४-२५ पासून राज्य शासनानं आर्थिक दुर्बल, मराठा (एसईबीसी) आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना, शासनाच्या प्रवेशफेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षणशुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. आपण त्यात बसत असू तर उत्पन्नाचा नि जातीचा दाखला वेळेत काढून ठेवावा. दाखल्याच्या रांगेत ऐनवेळी उभं राहणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत.

आम्ही त्यात बसत नव्हतो. ठेव मोडली. बँकेत सही करताना सासूबाई सोबत गेल्या होत्या. परतताना त्यांनी पेढे आणले, आणि म्हणाल्या, “हॉस्टेलात पोळी करता येत नाही म्हणे. तिला डब्यात मेतकूट द्या.”